वारावर जेवलेल्यांची नातवंडं

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एकच विषय असतो: कॉलेजांची पत्रं. कोणाच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला, कोणाच्या मुलाला कुठे ताटकळत ठेवलं. या गप्पांत गेली काही वर्षं एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्यांच्यासाठी सगळं आहे, आपल्या मुलांसाठी काय?" 'त्यांच्या' म्हणजे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांसाठी. यंदा मेरीलँडमधल्या आमच्या भागात हे वाक्य एका उन्हाळी विज्ञानवर्गावरून निघालं. वर्ग सहा आठवड्यांचा, फुकट, बरोबर पालकांसाठी शनिवारच्या बैठका, आणि माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं की विज्ञानक्षेत्रात ज्या समाजांची मुलं आजवर कमी दिसली त्यांच्यासाठी हा उपक्रम आहे. जेवणं चालू असतानाच एका गृहस्थांनी निकाल दिला, "हे आरक्षणच झालं. ज्याला कंटाळून देश सोडला, तेच इथे पुढ्यात आलं." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

मला हे पटलं नाही. ही योजना जागा वाटत नाही, अभ्यासाला बसण्याची सोय करते. ज्या समाजांना शाळेपासून रंग पाहून लांब ठेवलं, त्यांच्या मुलांना आणि त्या मुलांच्या घरच्यांना अशी सोय त्यांचं नाव घेऊन द्यायलाच हवी, असं माझं मत आहे. आणि ती बंद पडावी अशी इच्छा मराठी माणसाने धरणं मला विशेष दुःखाचं वाटतं.

आधी गल्लत दूर करू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2023 रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत निकाल दिला तो प्रवेशाबद्दल होता. प्रवेश देताना वंशाला वजन द्यायचं नाही, एवढं न्यायालयाने ठरवलं. गणिताच्या जादा तासांबद्दल, पालकांना अर्ज भरायला मदत करणाऱ्या समुपदेशकाबद्दल तो खटला नव्हता. पण निकालाची सावली लांब पडली. 14 फेब्रुवारी 2025 रोजी केंद्रीय शिक्षण खात्याने देशभरच्या शाळा-कॉलेजांना पत्र पाठवून तोच नियम शिष्यवृत्त्यांना, विद्यार्थी-साहाय्याला, अगदी वसतिगृहांनाही लावायला सांगितलं. पुढे न्यायालयांनी त्या पत्राची अंमलबजावणी रोखली. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात 'ट्रायो' या साहाय्य योजनांचा निधीच रद्द करायचा असं आलं. ट्रायो म्हणजे 1964 पासून उभ्या राहिलेल्या योजनांचं एकत्र नाव. त्यांत गरीब घरची आणि घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजला जाणारी मुलं घेतात. अर्जात वंशाची अटच नाही. वर्षाचा खर्च सुमारे 119 कोटी डॉलर. म्हणजे भांडण रंगावरून सुरू झालं आणि कात्री मात्र गरीब गोऱ्या मुलांच्या तासांपर्यंत पोचली. आमच्या जेवणाच्या टेबलावर याची कोणाला कल्पनाही नव्हती.

आता माझ्या आजोबांबद्दल. ते कोकणातून पुण्यात शिकायला आले तेव्हा खिशात काही नव्हतं. ते वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं. रविवारच्या घरच्या आजींनी त्यांना जुनी पुस्तकंही दिली, आणि मॅट्रिकचा अर्ज त्याच घरच्या एका वकिलांनी भरून दिला. आमच्या घरात ही गोष्ट कष्टाची म्हणून सांगितली जाते आणि कष्ट होतेच. पण ती सात घरं सगळी ब्राह्मणांची होती, हे मात्र गोष्टीत कोणी सांगत नाही. महाराच्या मुलाला त्या पुण्यात वार लावायला सात घरं कुठून मिळणार होती? एका जातीने आपल्या गरीब मुलांसाठी चालवलेली ती साहाय्य योजना होती. तिला नाव नव्हतं, माहितीपत्रक नव्हतं, म्हणून ती कोणाला दिसली नाही. ज्यांच्याकडे असं न बोलता मिळणारं पाठबळ नव्हतं, त्यांच्यासाठी कोणाला तरी ते उघडपणे उभं करावं लागलं. शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा, सरकारी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापुरात त्यांनी बोर्डिंग काढलं होतं आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली, हे कमी जणांना आठवतं. जागा राखून काय उपयोग, त्या जागेपर्यंत येणारं मूल शहरात राहणार कुठे आणि खाणार काय, हे त्या राजाला कळत होतं. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं तेही याच समजुतीतून. आणि 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक मुलगा दाखल झाला तो बडोद्याच्या महाराजांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांवर. ती शिष्यवृत्ती नसती तर बाबासाहेबांच्या बुद्धीत काही उणं झालं असतं असं कोण म्हणेल? पण ती बुद्धी न्यूयॉर्कला पोचली असती का?

या देशाचं आणि आपलं नातं मी ओढूनताणून जुळवत नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली तेव्हा ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना जे साम्य दिसलं ते मेरीलँडमध्ये बसून आपल्याला दिसू नये? 1833 मध्ये कनेटिकटमधल्या कँटरबरी गावात प्रुडन्स क्रँडल या शिक्षिकेने कृष्णवर्णीय मुलींची शाळा सुरू केली. राज्याने तिच्याविरुद्ध कायदाच केला. दुकानदारांनी माल देणं बंद केलं, शाळेच्या विहिरीत शेण टाकलं, आणि 1834 च्या सप्टेंबरात जमावाने रात्री खिडक्या फोडल्यावर शाळा बंद पडली. शेण! सावित्रीबाईंची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला हा शब्द वाचून पुढे जाववत नाही. दक्षिणेत तर गोष्ट जमावावरही सोडलेली नव्हती. साउथ कॅरोलायनाने 1740 मध्येच गुलामांना लिहायला शिकवणाऱ्याला दंड ठेवला होता, आणि 1830 च्या सुमारास एकामागून एक राज्यांनी असे कायदे केले. गुलामीत वाढलेल्या आणि पुढे तिच्याविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना आमच्या शेजारच्याच बाल्टिमोरमध्ये मालकिणीने मुळाक्षरं शिकवायला घेतली आणि मालकाने ती थांबवली.

"हे सगळं दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं, त्याचा हिशेब आजच्या मुलांकडून का मागता?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणून जरा अलीकडे येते. व्हर्जिनियातला प्रिन्स एडवर्ड हा जिल्हा माझ्या घरापासून गाडीने काही तासांवर आहे. तिथल्या मोटन हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुलं डांबरी कागदाच्या झोपड्यांत बसून शिकत होती. 23 एप्रिल 1951 रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने सगळ्या शाळेला घेऊन संप केला. त्या संपातून निघालेला खटला 1954 च्या प्रसिद्ध ब्राउन निकालात सामील झाला आणि रंगानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. मग प्रिन्स एडवर्डने काय केलं? एकत्र शाळा चालवण्यापेक्षा 1959 मध्ये जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी निघाली आणि तिच्या फीला काही काळ सरकारी पैशाचं पाठबळ होतं. कृष्णवर्णीय मुलं पाच वर्षं सरकारी शाळेवाचून राहिली. काही नातलगांकडे दुसऱ्या गावी गेली, काही शेतात कामाला लागली, बरीचशी परत कधी वर्गात बसलीच नाहीत. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या. तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली मुलं आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांची नातवंडं माझ्या मुलीच्या वयाची आहेत. व्हर्जिनिया राज्याने 2004 मध्ये त्या मुलांसाठी शिष्यवृत्ती काढली, तेव्हा अर्ज करणारे पन्नाशीचे होते. ज्या आजोबांचं पाचवी ते आठवी हे वयच हिरावलं गेलं, ते नातवाला बीजगणित कसं शिकवणार? आपल्या घरात आजोबा शिकवतात, आणि आपण त्याला संस्कार म्हणतो.

विरोधी बाजूचे तीन मुद्दे मला खरोखर जड वाटतात, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पहिला गरिबीचा. वेस्ट व्हर्जिनियाच्या बंद पडलेल्या कोळसाखाणींच्या गावातला गोरा मुलगा आणि वॉशिंग्टनच्या श्रीमंत उपनगरातली कृष्णवर्णीय डॉक्टर दांपत्याची मुलगी यांत मदतीची गरज कोणाला? उत्तर उघड आहे, आणि त्या मुलाला मदत मिळालीच पाहिजे. पण म्हणून रंग विसरून नुसतं उत्पन्न पाहिलं की न्याय झाला, असं होत नाही. उत्पन्न ही एका वर्षाची गोष्ट, घर ही तीन पिढ्यांची. बाल्टिमोरने 1910 मध्ये कोणत्या रंगाच्या माणसाने कोणत्या गल्लीत राहावं याचा वटहुकूम काढला. 1930 च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर, कर्ज द्यायला धोक्याच्या म्हणून, लाल रंग ओढला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना 1944 च्या कायद्याने कॉलेजची फी आणि घरांची कर्जं मिळाली. अमेरिकन मध्यमवर्ग त्यातूनच उभा राहिला. पण 1947 मध्ये मिसिसिपीतल्या तेरा शहरांत सरकारी हमीची 3,229 कर्जं गेली त्यांत कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला आली दोन. घर नाही म्हणून मत्ता नाही. आणि अमेरिकेत शाळेचा पैसा मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून येतो, म्हणून चांगली शाळाही नाही. फेडरल रिझर्व्हच्या 2022 च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक मालमत्ता 2,85,000 डॉलर निघाली, कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. पगार सारखा असलेल्या दोन घरांत हा फरक पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही. मुलाला उन्हाळ्यात काम न करता अभ्यासाला बसता येतं की नाही, यात दिसतो.

दुसरा मुद्दा आपल्यांचा, म्हणजे आशियाई कुटुंबांचा. न्यूयॉर्क राज्यात सातवी ते बारावीच्या मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाची एक साहाय्य योजना 1980 च्या दशकापासून चालते. तिच्यात कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी मुलांना उत्पन्नाची अट नव्हती, आणि आशियाई मुलांना मात्र गरिबी सिद्ध करावी लागत होती. आशियाई पालकांनी 2024 च्या जानेवारीत त्यावर खटला भरला. त्यांचा राग मला समजतो. क्वीन्समध्ये टॅक्सी चालवणाऱ्या बांगलादेशी बापाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा हजार डॉलरने जास्त निघालं तर त्याच्या मुलीला दार बंद, आणि वकिलाच्या मुलाला उघडं, हे योग्य नाही. मी हे स्पष्ट म्हणते. पण दार चुकीच्या मापाचं असेल तर सुताराला बोलावतात, घर पाडत नाहीत. आणि दार मोठं करूनही घराचा हेतू टिकवता येतो, याचा पुरावा आमच्याच राज्यात आहे.

बाल्टिमोर काउंटीतल्या मेरीलँड विद्यापीठात 1988 मध्ये मायरहॉफ शिष्यवृत्ती सुरू झाली. तिचे शिल्पकार फ्रीमन हराबाउस्की हे 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या मोर्चात वयाच्या बाराव्या वर्षी तुरुंगात गेलेले गणितज्ञ. पहिली तुकडी 19 कृष्णवर्णीय मुलग्यांची. पुढच्याच वर्षी मुली आल्या. 1994 मध्ये राज्यातल्याच दुसऱ्या एका, फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीविरुद्ध निकाल गेला, आणि 1996 पासून मायरहॉफचं दार सगळ्या रंगांच्या मुलांना उघडलं. रंगाच्या जागी अट आली ती ही: विज्ञानात कमी दिसणाऱ्या समाजांना पुढे आणण्याची तुमची तळमळ हवी. आत काय चालतं? पहिल्या सत्राआधी उन्हाळ्यात एकत्र राहणं, गटाने अभ्यास, संशोधकांच्या प्रयोगशाळेत लवकर प्रवेश, आणि पालकांची स्वतंत्र संघटना. आईबाप तिथे पाहुणे नसतात. योजनेचा भाग असतात. किझमेकिया कॉर्बेट ही इथूनच 2008 मध्ये बाहेर पडली, आणि कोविडवरच्या मॉडर्ना लशीमागे राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ज्या शास्त्रज्ञांचं काम आहे त्यांत ती पुढे होती. 2021 मध्ये आपण रांगा लावून दंडात जी सुई टोचून घेतली तिच्यात अशा एका योजनेचा वाटा होता. आमच्या टेबलावरच्या किती जणांना हे माहीत होतं?

तिसरा मुद्दा 'कुबड्यां'चा. हा शब्द आपण महाराष्ट्रातून बरोबर घेऊन आलो आहोत. मदत घेतलेल्याच्या गुणवत्तेवर कायमचा संशय राहतो, असं म्हणणारे नुसते बाहेरचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे कृष्णवर्णीय न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी येल विद्यापीठाची आपली पदवी लोक संशयाने पाहतात म्हणून तिच्या चौकटीवर पंधरा सेंट किमतीचं लेबल चिकटवल्याचं स्वतः लिहिलं आहे. त्या जखमेबद्दल मला आदर आहे. पण त्याच थॉमस यांनी सव्हानाच्या शाळेतल्या नन शिक्षिकांबद्दल आणि सांभाळ करणाऱ्या आजोबांबद्दल जन्मभर कृतज्ञता व्यक्त केली आहे. मग ते काय होतं? मुलाच्या मागे उभी राहिलेली माणसंच ना? त्यांची तक्रार प्रवेशाच्या वेळच्या सवलतीबद्दल आहे, शिकवण्याबद्दल नाही. आणि शिकवण्याने कोणाच्या गुणवत्तेला डाग लागतो?

या बाबतीत मला सर्वांत शिकवून गेलेलं काम कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युरी ट्राइझमन यांचं आहे. 1970 च्या दशकात त्यांना प्रश्न पडला: शाळेत हुशार ठरलेली कृष्णवर्णीय मुलं कॉलेजच्या कॅल्क्युलसमध्ये का कोसळतात? सहकाऱ्यांना विचारलं तर उत्तरं ठरलेली. जिद्द कमी, पाया कच्चा, घरचा आधार नाही, पैसा नाही. ट्राइझमन यांनी तर्क करत न बसता वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या मुलांसोबत महिनोन् महिने राहून पाहिलं, आणि चारही उत्तरं खोटी ठरली. कृष्णवर्णीय मुलांच्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना तिथवर आणलं होतं. मुलं सांगितलेले तास इमानेइतबारे अभ्यास करत होती, पण एकटी, खोलीचं दार लावून. चिनी मुलं संध्याकाळी जेवता जेवता एकमेकांची उत्तरं तपासत, भांडत. कोणाचा मोठा भाऊ येऊन त्यांना प्रश्न विचारी, आणि जुन्या प्रश्नपत्रिका ती सोडवून पाहत. आपलं कुठे चुकतंय हे त्यांना परीक्षेआधी कळत होतं, कृष्णवर्णीय मुलांना परीक्षेनंतर. हे वाचताना मला मुंबईतलं माझं इंजिनिअरिंगचं वसतिगृह आठवलं. तिथे 'वरच्या वर्षाच्या नोट्स' नावाची एक अदृश्य शिष्यवृत्ती आम्हा सगळ्यांना होती. ट्राइझमन यांनी मग जी कार्यशाळा काढली तिला त्यांनी मागे पडलेल्यांच्या जादा वर्गाचं रूप येऊ दिलं नाही. मुलांना गटात बसवलं आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. नापास होणं झपाट्याने कमी झालं. कुबडी म्हणजे कमी चालायला लावणारी गोष्ट. इथे तर जास्त चालवलं.

सगळ्याच योजना अशा नसतात, हे कबूल करायला हवं. 'अपवर्ड बाउंड' या जुन्या सरकारी योजनेचा मोठा राष्ट्रीय अभ्यास झाला तेव्हा कॉलेजला जाणाऱ्यांच्या एकूण संख्येत दखल घेण्यासारखा फरक आढळला नाही. ज्या मुलांनी कॉलेजची आशाच सोडली होती त्यांना मात्र फायदा झाला. विरोधक यातला पहिला अर्धा सांगतात, समर्थक दुसरा. मी यातून असं घेते की पातळ मदत पातळच फळ देते. न्यूयॉर्कच्या शहरी विद्यापीठाने 2007 मध्ये सुरू केलेली 'एसॅप' योजना पाहा. बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, पण वंशाची अट नाही. फीतली तूट, पुस्तकं, मेट्रोचं कार्ड, आणि प्रत्येक मुलाला वारंवार भेटणारा, नावाने ओळखणारा सल्लागार. चिठ्ठ्या टाकून निवड केलेल्या गटांची तुलना झाली तेव्हा दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत पुरी करणारे 22 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेले होते. मेट्रोचं कार्ड! आपल्याकडे एसटीचा पास बंद झाला म्हणून शाळा सुटलेली मुलगी ज्याने पाहिली आहे, त्याला यातलं शास्त्र समजावून सांगावं लागणार नाही.

आणि घरच्यांचं काय? विज्ञानवर्गाच्या त्या पत्रकातला सर्वांत जास्त चेष्टेचा विषय झाला तो पालकांच्या शनिवारच्या बैठकांचा. "आईबापांनाही शिकवणी?" असं कोणीतरी म्हणालं. 1968 मध्ये येलचे मनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर न्यू हेवनच्या दोन गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय शाळांत गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आईबापांना शाळेच्या कारभारात बसवलं. त्यांची स्वतःची आई लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी, शाळा जेमतेम पाहिलेली. मुलांच्या शिक्षणाबद्दल तिला काय कमी कळत होतं? तिला शाळेची भाषा परकी होती, एवढंच. केंद्रीय मदतीचा अर्ज, कराची कागदपत्रं, कोणत्या वर्षी कोणतं गणित घेतलं नाही तर पुढची दारं बंद होतात, ही ती भाषा. आपल्याला ती आपल्या मराठी मंडळातल्या कोणीतरी शिकवली. मला स्वतःला मुलीच्या आठवीत एका मावशींनी फोन करून सांगितलं नसतं, तर ती आज ज्या वर्गात आहे तिथे नसती. आमच्या मंडळाची शनिवारची बैठक चालते ती कोणाच्या पैशावर? आमच्याच. कारण आमच्याकडे आहे.

ते आमच्याकडे आलं कसं, हेही विसरता येत नाही. 1923 मध्ये याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना सांगितलं होतं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आपल्यासाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने तापवलेल्या त्याच हवेत झाला. त्या दारातून शिकूनसवरून, भारतातल्या सरकारी कॉलेजांत करदात्यांच्या पैशाने पदवी घेऊन आपण आलो. बार्बरा जॉन्सच्या गावातली मुलं त्याच्या आदल्या वर्षापर्यंत कुलूप लावलेल्या शाळेसमोर उभी होती.

आमच्या जिल्ह्याच्या शिक्षण मंडळापुढे पुढच्या महिन्यात त्या विज्ञानवर्गाचा विषय आहे. काही मराठी पालक तो बंद करा म्हणून अर्ज देणार आहेत. मी बोलायला नाव नोंदवलं आहे. माझ्या दोनच मागण्या आहेत: जागा तीसवरून साठ करा आणि घराण्यात पहिल्यांदा कॉलेजला जाणाऱ्या कोणत्याही रंगाच्या मुलाला अर्ज करू द्या, आणि शनिवारची पालकांची बैठक काही केल्या रद्द करू नका. त्या बैठकीत अर्ज कसे भरायचे हे दाखवायला आमच्या मंडळातून माणसं लागतील. चार जणींनी होकार दिला आहे. आजोबांच्या गणिताने अजून तीन घरं हवीत.